साडेअकरा पौंड, सहाशे रुपये आणि चार पापड : बाबासाहेबांनी परदेशातला खर्च कसा भागवला?

अंधेरीच्या सहार विमानतळाकडे निघालेल्या टॅक्सीत हल्ली एक चर्चा हमखास चालते. पैसे फॉरेक्स कार्डवर टाकलेत की नेहमीचंच क्रेडिट कार्ड वापरायचं? रोख डॉलर किती घ्यायचे? यूपीआय तिथे चालतं का? क्रेडिट कार्डवर बँका विनिमयाचा वेगळा आकार लावतात, फॉरेक्स कार्डवर ज्या दिवशी पैसे भरले त्या दिवशीचा दर पक्का होतो, आणि रोख हरवली की गेली. एवढं कळलं की बहुतेकांचं काम भागतं.

शंभर वर्षांपूर्वी हाच प्रश्न मुंबईतल्या एका तरुणापुढे होता. त्याच्याकडे पर्याय कमी होते आणि चूक परवडणारी नव्हती. पुढे याच प्रश्नाच्या मुळाशी जाऊन, म्हणजे एका रुपयाला किती पौंड मिळावेत आणि ते कोण ठरवतं या विषयावर, त्याने लंडन विद्यापीठात प्रबंध लिहिला. हा तरुण म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर.

बाबासाहेबांच्या परदेशी शिक्षणाची गोष्ट बहुतेकांना पदव्यांच्या यादीतून माहीत असते. ती पैशांच्या बाजूने पाहिली तर बरीच वेगळी दिसते.

महिन्याला साडेअकरा पौंड

१४ एप्रिल १८९१ ला महू इथे जन्मलेले भीमराव मुंबईत वाढले, एल्फिन्स्टन कॉलेजातून बीए झाले. २ फेब्रुवारी १९१३ ला वडील रामजी सकपाळ गेले. घरावर कर्त्या माणसाचं छत्र उरलं नाही. त्याच वर्षी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी काही विद्यार्थ्यांना अमेरिकेत शिकायला पाठवायचं ठरवलं आणि त्यात भीमरावांची निवड झाली. जून १९१३ मध्ये करार झाला. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं. बदल्यात शिक्षण संपल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी.

साडेअकरा पौंड म्हणजे किती? त्या काळी एका पौंडात २० शिलिंग आणि एका शिलिंगात १२ पेन्स असत. रुपयाचा दर सरकारने १ शिलिंग ४ पेन्सला बांधला होता, म्हणजे पंधरा रुपयांना एक पौंड. त्या हिशेबाने शिष्यवृत्ती झाली महिन्याला साधारण १७२ रुपये. मुंबईत ही रक्कम चांगलीच मोठी. पण भीमरावांना खर्च करायचा होता न्यूयॉर्कमध्ये, डॉलरमध्ये. पौंडाला ४ डॉलर ८६ सेंट हा भाव धरला तर हातात येत होते ५६ डॉलर. राहणं, जेवण, कपडे, पुस्तकं, सगळं त्यातच. शिवाय मुंबईत पत्नी रमाबाई आणि बाकीचं कुटुंब होतं, त्यांनाही याच पैशातून काही पाठवायचं होतं.

एक गोष्ट मात्र बऱ्यापैकी सोयीची होती. शिष्यवृत्ती पौंडात ठरलेली होती. रुपया वर जावो की खाली, विद्यार्थ्याला काही फरक पडणार नव्हता. पौंड आणि डॉलर तेव्हा सोन्याला बांधलेले होते. म्हणजे आजच्या भाषेत सांगायचं तर दर आधीच पक्का झालेलं कार्ड बडोद्याने हातात दिलं होतं, फक्त त्यात शिल्लक कमी होती.

जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तिथे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना नावाचा पारशी तरुण त्यांचा सोबती होता. हे नाव लक्षात ठेवण्यासारखं आहे, पुढे ते पुन्हा येणार आहे. नाटकं, सहली, हॉटेलं या सगळ्याला काट मारून पैसे वाचवायचे आणि ते जुन्या पुस्तकांच्या दुकानात घालवायचे, असा भीमरावांचा शिरस्ता झाला. न्यूयॉर्क सोडेपर्यंत सुमारे दोन हजार जुनी पुस्तकं गोळा झाली होती. १९१५ मध्ये एमए झालं, मे १९१६ मध्ये जातिव्यवस्थेवरचा त्यांचा प्रसिद्ध निबंध वाचून झाला, आणि शिष्यवृत्तीची तीन वर्षं संपली. ती वर्षभर वाढवून मिळाली आणि ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन, दोन्हीकडे नाव घातलं.

१९१७ च्या उन्हाळ्यात बडोद्याहून कळलं, मुदत संपली, परत या. अभ्यास अर्धवट होता. एक दिलासा मिळाला. लंडन विद्यापीठाने ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन शिक्षण पुरं करायची परवानगी दिली. म्हणजे काटा सुरू झाला होता. १९२१ च्या ऑक्टोबरपर्यंत स्वतःच्या पैशाने लंडनला पोचायचं, नाहीतर सगळं मुसळ केरात.

बुडालेलं सामान आणि थॉमस कुकचे सहाशे रुपये

पहिलं महायुद्ध चालू होतं. समुद्रात जर्मन पाणबुड्या फिरत होत्या. भीमरावांनी मार्सेलिसहून बोट धरली आणि सामान, पुस्तकं वेगळ्या जहाजाने पाठवली. हा व्यवहार केला होता थॉमस कुक या कंपनीमार्फत.

थॉमस कुकबद्दल थोडं सांगायला हवं. आज हे नाव फॉरेक्स कार्ड आणि टूर पॅकेजशी जोडलेलं आहे. पण त्या काळात परदेशी जाणाऱ्यांसाठी ही कंपनी म्हणजे तिकीटघर, सामान पाठवणारा एजंट आणि पैशाची सोय, तिन्ही एकत्र. १८८१ पासून तिचं मुंबईत ऑफिस होतं. प्रवाशांसाठी कुकने 'सर्क्युलर नोट' काढली होती. ठरावीक रकमेची ही चिठ्ठी घ्यायची, परदेशातल्या एजंटापुढे सही करायची, त्याने ती सोबतच्या ओळखपत्रावरच्या सहीशी ताडून पाहायची आणि तिथलं चलन द्यायचं. ट्रॅव्हलर्स चेकची ही थोरली बहीण. ज्यांना ती नको त्यांच्यासाठी बँकेचा ड्राफ्ट किंवा पतपत्र होतं, आणि काहीजण सरळ सोन्याचे सॉव्हरिन कंबरेला बांधून नेत.

सामान घेऊन निघालेलं जहाज पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडालं. बातमी मुंबईत पोचली तेव्हा भीमरावच त्या जहाजावर असतील या भीतीने घरात रडारड झाली. ते दुसऱ्या बोटीवर आहेत हे कळल्यावर जीव भांड्यात पडला. ऑगस्ट १९१७ मध्ये ते मुंबईत उतरले. सुखरूप, पण खिसा रिकामा. कराराप्रमाणे बडोद्याला नोकरीवर हजर व्हायचं होतं आणि बडोद्याच्या प्रवासाचेही पैसे नव्हते.

अशा वेळी कामी आली थॉमस कुककडून मिळालेली भरपाई. बुडालेल्या सामानापोटी सहाशे रुपये. त्यातला काही भाग रमाबाईंकडे घरखर्चाला दिला आणि उरलेल्यातून बडोदा गाठलं. पुस्तकं, टिपणं समुद्राच्या तळाशी गेली म्हणून नोकरीवर जायचं भाडं मिळालं, असा हा सगळा हिशेब.

आणि मग बडोद्यात जे झालं त्यापुढे न्यूयॉर्क-लंडनची काटकसर काहीच नव्हती.

न्यूयॉर्क किंवा लंडनमध्ये खोली मिळेल की नाही, हे खिशातल्या पैशांवर ठरत होतं. बडोद्यात खिशात पैसे असूनही खोली मिळेना. हिंदूंच्या खाणावळीत महाराला जागा नव्हती. शेवटी एका पारशी पथिकाश्रमात, रोज दीड रुपया देऊन, पारशी नाव नोंदवून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी खोलीवर आले. खोली सोडावी लागली. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती परिचिताने आपापल्या अडचणी सांगून घरी ठेवायला नकार दिला. रात्रीच्या मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाठी बागेत बसून राहिले. कोलंबियाचा एमए, संस्थानचा अधिकारी, पैसे मोजायला तयार असलेला माणूस. हा अनुभव त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवला, आणि परदेशातल्या चार-पाच वर्षांत आपण अस्पृश्य आहोत याचा विसर पडला होता हेही त्यात नोंदवलं.

मुंबईत परतल्यावर त्यांनी शेअर बाजारातल्या व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. सल्ला चांगला होता, गिऱ्हाईकं येत होती. सल्लागार कोणत्या जातीचा आहे हे कळल्यावर येईनाशी झाली. व्यवसाय बंद.

रुपया चढला, रुपया पडला

नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची नोकरी मिळाली. पगार ४५० रुपये. परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्यांत सगळं कुटुंब, आणि पगारातला जमेल तेवढा भाग लंडनसाठी बाजूला. या बचतीची खरी किंमत रमाबाईंनी चुकवली. ठरवून दिलेल्या रकमेत घर चालवणं त्यांच्याकडे होतं.

आता इथे पैशांच्या जगात एक विलक्षण गोष्ट घडत होती. युद्धामुळे चांदी महागली. रुपया चांदीचा. जुन्याच दराने ठेवला तर नाणं वितळवून चांदी विकणं जास्त फायद्याचं झालं असतं. म्हणून सरकार रुपयाचा दर वाढवत गेलं. १९१८ च्या अखेरीस १ शिलिंग ६ पेन्स, डिसेंबर १९१९ मध्ये २ शिलिंग ४ पेन्स, आणि फेब्रुवारी १९२० मध्ये बाजारात तो २ शिलिंग ८ पेन्सच्याही वर गेला.

याचा अर्थ काय? नोकरी लागली तेव्हा ४५० रुपयांचे जेमतेम ३४ पौंड होत होते. पंधरा महिन्यांनी त्याच ४५० रुपयांचे ६० पौंड. पगार एका पैशानेही न वाढता लंडनच्या बाजारात जवळपास पावणेदोन पट झाला. मुंबईत पौंडाचा ड्राफ्ट घ्यायची याहून चांगली वेळ त्या पिढीने पाहिली नव्हती.

मार्च १९२० मध्ये बाबासाहेबांनी सिडनहॅमची नोकरी सोडली. जानेवारीत त्यांनी 'मूकनायक' सुरू केलं होतं. जुलैमध्ये ते लंडनला निघाले. जवळ स्वतःची बचत होती, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत होती, आणि न्यूयॉर्कचा तो सोबती नवल भथेना याने दिलेले पाच हजार रुपये कर्ज होतं. बडोद्यात काठ्या घेऊन आलेले पारशी होते आणि विनातक्रार पाच हजार काढून देणाराही पारशी होता, ही नोंद करायलाच हवी.

सप्टेंबर १९२० च्या शेवटी त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये पुन्हा नाव घातलं. योगायोग असा की त्याच दिवसांत हिंदुस्थान सरकारने हात टेकले. रुपया दोन शिलिंगांवर टिकवून धरण्यासाठी सरकार महिनोन्महिने लंडनमधले पौंड स्वस्तात विकत होतं. साडेपाच कोटी पौंड असे गेले. सप्टेंबरअखेर ही विक्री थांबली आणि रुपया घसरत सुटला. १९२१ मध्ये तो १ शिलिंग ४ पेन्सच्या आसपास, कधी त्याहून खाली होता.

पाच हजार रुपयांचं उदाहरण घेतलं तर दोन शिलिंगांच्या भावाने त्याचे ५०० पौंड होतात. १ शिलिंग ४ पेन्सच्या भावाने ३३३. रुपयांत बचत करून पौंडांत फी भरणाऱ्याचे १६७ पौंड हवेत विरतात, आणि त्यात त्याची काहीही चूक नसते. लंडनला पोचल्यावर मुंबईहून जो पैसा मागवावा लागला, तो या पडलेल्या भावानेच पौंडात उतरत होता. बाबासाहेबांना मागवावा लागला. भथेनांना पत्रं गेली आणि भथेना पैसे पाठवत राहिले.

लंडनमधले दिवस कसे गेले ते चरित्रकारांनी नोंदवलंय. सकाळी घरमालकीण देईल तो पावाचा तुकडा आणि बोव्ह्रिलचा कप. मग ब्रिटिश म्युझियमचं ग्रंथालय, दुपारचं जेवण बहुतेक नाहीच. बसचं भाडं वाचवायला पायी चालणं. रात्री दहाच्या सुमारास पोटात कावळे ओरडायला लागले की कुणा ओळखीच्या माणसाने दिलेल्या बांधातले चार पापड पत्र्यावर भाजायचे आणि कपभर दुधाबरोबर खायचे. मग पहाटेपर्यंत वाचन. खोलीतले सोबती असनोडेकर झोपायचा आग्रह करत, तेव्हा त्यांना उत्तर मिळे की जेवायला पैसे नाहीत आणि झोपायला वेळ नाही. १९२१-२२ मध्ये ते प्रिमरोज हिलजवळच्या १०, किंग हेन्रीज रोड या घरात राहिले. महाराष्ट्र सरकारने ते घर २०१५ मध्ये कोट्यवधी रुपये मोजून विकत घेतलं. तिथे आता स्मारक आहे.

याच काळात ते जर्मनीत बॉन विद्यापीठातही नाव नोंदवून आले. जर्मन मार्क तेव्हा रोज कोसळत होता. १९२२ च्या जानेवारीत एका डॉलरला दोनशेच्या घरात मार्क मिळत, डिसेंबरात साडेसात हजार. बाहेरचं चलन घेऊन आलेल्याला जर्मनी स्वस्त होत होतं आणि आयुष्यभराची बचत मार्कात ठेवलेला जर्मन माणूस भिकेला लागत होता. चलनाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने हे आपल्या डोळ्यांनी पाहिलं.

ऑक्टोबर १९२२ मध्ये बाबासाहेबांनी लंडन विद्यापीठाला प्रबंध सादर केला. विषय : रुपयाचा प्रश्न.

प्रबंधाचा गाभा सोप्या शब्दांत असा. सरकार रुपयाचा पौंडातला दर सांभाळतं, त्याचा फायदा परदेशाशी व्यवहार करणाऱ्यांना होतो. पण देशात राहणाऱ्या माणसाला रुपयात किती धान्य, किती कापड मिळतं याची जबाबदारी त्या व्यवस्थेत कुणावरच नाही. सरकार हवे तितके रुपये पाडू शकतं, त्यामुळे रुपयाची घरातली किंमत घसरते. त्यांचा उपाय सरकारचे हात बांधण्याचा होता : रुपये पाडण्यावर मर्यादा हवी. जॉन मेनार्ड केन्स यांनी १९१३ च्या पुस्तकात याच व्यवस्थेची भलामण केली होती. तिशीतला मुंबईचा विद्यार्थी ती खोडून काढत होता, तेही साम्राज्याच्या राजधानीत बसून.

मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी मांडणी बदलून पुन्हा सादर करायला सांगितलं. ब्रिटिश धोरणावरची टीका झोंबली होती. लंडनमध्ये थांबायला पैसे उरले नव्हते. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईत परतले, प्रबंध इथेच बसून सुधारला, टपालाने पाठवला, आणि वर्षअखेरीस डीएस्सी मिळाली. पुस्तक लंडनच्या पी. एस. किंग कंपनीने काढलं. मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली. अर्पणपत्रिका आई-वडिलांच्या नावे आहे.

सोशल मीडियावर दरवर्षी एप्रिलमध्ये एक फॉरवर्ड फिरतो, की या पुस्तकावरूनच रिझर्व्ह बँक उभी राहिली. गोष्ट इतकी सरळ नाही. हिल्टन यंग आयोगापुढे डिसेंबर १९२५ मध्ये त्यांची साक्ष झाली हे खरं, याच आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १ एप्रिल १९३५ ला रिझर्व्ह बँक सुरू झाली हेही खरं. पण त्या साक्षीतली जास्त महत्त्वाची बाब फॉरवर्डमध्ये नसते. रुपया स्वस्त ठेवा अशी मागणी कोण करतंय, हे त्यांनी दाखवलं. रुपया पडला की निर्यात करणारे आणि कारखानदार कमावतात. महागाई वाढते, मजुरी त्या वेगाने वाढत नाही, आणि फरक मजुराच्या ताटातून जातो. सरकारने पुढे १९२७ मध्ये १ शिलिंग ६ पेन्स हा दर कायद्याने ठरवला.

त्यानंतर बाबासाहेब लंडनला गेले ते गोलमेज परिषदांना, अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून, सरकारी खर्चाने. दुसरी परिषद चालू असताना, २१ सप्टेंबर १९३१ ला खुद्द पौंडच सोन्यापासून सुटला आणि घसरला. अकरा वर्षांपूर्वी ज्या शहरात त्यांनी रुपयाची घसरण सोसली, त्या शहरातले लोक आता आपल्या चलनाची चिंता करत होते.

पाहुणा म्हणून त्यांची न्यूयॉर्कची एक भेट राहिली होती. ५ जून १९५२ ला कोलंबिया विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. तोवर परकीय चलनावर निर्बंध आले होते, परदेशी जाणाऱ्याला डॉलर हवे असतील तर १९४७ च्या कायद्याप्रमाणे रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत असे. १९१३ मध्ये ते या शहरात उतरले तेव्हा तीन रुपयांच्या थोडं वर मोजलं की डॉलर मिळत होता. आता त्याला ४ रुपये ७६ पैशांच्या आसपास मोजावे लागत होते. नवल भथेनांसोबत ते जिथे राहिले होते तो लिव्हिंग्स्टन हॉल समारंभाच्या पायऱ्यांपासून चालत पाच मिनिटांवर होता.